पपईवरील पिठ्या ढेकूण आणि परदेशातून आणलेला मित्रकीटक: भरवसा कितपत ठेवावा?

तापीकाठ

नमस्कार मंडळी,

शहादा तालुक्यात आमची पपईची बाग आहे. विषाणूजन्य रोगाशी आमचे भांडण जुनेच आहे, पण यंदा ऊन तापल्यापासून पानांच्या मागे, देठांच्या बेचक्यात आणि फळांच्या बुडाशी कापूस चिकटवावा तसे पांढरे पुंजके दिसू लागले आहेत. त्यांतून चिकट पाणी पाझरते, त्यावर काजळी धरते आणि असे फळ व्यापारी हातातही घेत नाही. दुकानदाराने पिठ्या ढेकूण असल्याचे सांगून एक औषध दिले, ते लागू पडले नाही म्हणून दुसरे दिले, आणि आता दोन्ही एकत्र मारा असा त्याचा सल्ला आहे.

आमच्या गटातील एका जाणत्या शेतकऱ्याने मात्र फवारणी थांबवायला सांगितले. त्यांचे म्हणणे असे की या किडीसाठी २०१० साली परदेशातून एक मित्रकीटक आणून देशात सोडण्यात आला, तो आता बागांमध्ये आपोआप वाढतो, आणि आपण औषध मारतो तेव्हा आधी तोच मरतो. यावर माझ्या दोन शंका आहेत. एका परदेशी किडीला आवरण्यासाठी दुसरा परदेशी कीटक आणणे निसर्गाच्या दृष्टीने सुरक्षित कसे मानायचे, आणि खाद्य संपल्यावर तो मधमाश्यांकडे किंवा दुसऱ्या एखाद्या उपयोगी जिवाकडे वळणार नाही याची हमी कोण देणार? दुसरी शंका साधी आहे. तो इतका गुणकारी असेल तर एकाही कृषी सेवा केंद्रात का मिळत नाही? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास उपकार होतील.

सूक्ष्मदर्शी

तापीकाठ, आपल्या गटातील शेतकऱ्यांनी सांगितलेली माहिती बरोबर आहे. हा विषय माझ्या अभ्यासाचा असल्यामुळे थोडे लांबण लावून लिहितो.

आपण वर्णन केलेली कीड बहुधा पपईवरील पिठ्या ढेकूणच आहे. ती मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. तिच्या मायदेशी तिचा फारसा उपद्रव नव्हता, कारण तिच्यावर जगणारे कीटक तिथे तिच्याबरोबरच नांदत होते. १९९० च्या दशकात ती कॅरिबियन बेटांवर पसरली, पुढे प्रशांत महासागरातील बेटांवर गेली, आणि २००८ साली कोइमतूर परिसरात भारतात प्रथम आढळली. येताना ती एकटीच आली, तिचे शत्रू मागे राहिले. त्यानंतरच्या दोन वर्षांत तमिळनाडूतील पपई, तुती आणि टॅपिओका या पिकांची तिने दैना केली. तुतीची पाने गेली म्हणजे रेशमाच्या किड्यांचे खाणे गेले, आणि टॅपिओका गेला म्हणजे सेलम भागातील साबुदाण्याच्या कारखान्यांचा कच्चा माल गेला. आपल्याकडे एकादशीला जो साबुदाणा भिजतो त्यातला बराचसा तिथूनच येतो, हे या निमित्ताने सांगून ठेवतो. २०१० पर्यंत ही कीड पुणे परिसरातील पपईवरही पोचली होती.

औषध लागू न पडण्याचे कारण तिच्या अंगावरच आहे. ती मेणकट पिठाने झाकलेली असते, त्यामुळे फवारा तिला नीट भिजवू शकत नाही, आणि तिची अंडी कापसासारख्या पिशवीत सुरक्षित राहतात. वरची पिढी मेली तरी आठवड्याभरात पिशवीतून नवी पिल्ले बाहेर पडतात. तोवर त्या फवाऱ्याने ढालकिडे, क्रायसोपा आणि कोळी हे कीड खाणारे जीव मेलेले असतात, म्हणजे पुढच्या पिढीला रान मोकळे मिळते. शेतकरी पुन्हा फवारतो आणि हे चक्र चालूच राहते.

२०१० च्या जुलैमध्ये बंगळूर येथील कृषी कीटकांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मदतीने पोर्तो रिकोहून तीन जातींच्या अतिसूक्ष्म गांधीलमाश्या मागवल्या. त्यांतील ॲसेरोफॅगस पपाये ही जात आपल्याकडे सर्वांत सरस ठरली. तिची लांबी एक मिलिमीटरही भरत नाही आणि ती माणसाला चावत नाही. मादी पिठ्या ढेकणाच्या पिल्लाच्या अंगात अंडे घालते, अंड्यातून निघालेली अळी त्याला आतून खात जाते, ढेकूण फुगून तपकिरी, टणक गोळीसारखा होतो, आणि काही दिवसांनी त्या गोळीला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून तमिळनाडूत ती शेतांत सोडण्यात आली, नंतर महाराष्ट्रासह इतर राज्यांतही देण्यात आली, आणि जिथे ती स्थिरावली तिथे काही महिन्यांतच किडीचा जोर ओसरला.

आता आपली पहिली शंका. असा कीटक आणताना आयात परवाना लागतो, आणि आल्यावर तो थेट शेतात न जाता बंदिस्त प्रयोगशाळेत काही पिढ्या वाढवला जातो. तिथे दोन गोष्टी तपासतात. मधमाशी, रेशीमकिडा, लाखेचा किडा आणि इतर मित्रकीटकांपैकी कोणावर तो जगू शकतो का, हे उपाशी ठेवूनही पाहिले जाते. दुसरी गोष्ट सामान्य वाचकाला सुचणार नाही. मित्रकीटकावरही जगणारे परोपजीवी असतात, आणि ते त्याच्याबरोबर चोरून देशात आले तर सगळा उद्योग पाण्यात जातो. म्हणून त्यांना विलगीकरणातच वेचून काढावे लागते. राहिला खाद्य संपण्याचा प्रश्न. ही माशी इतकी एकनिष्ठ आहे की कीड घटली की तिचीही संख्या घटते, आणि थोडी कीड व थोड्या माश्या असा समतोल राहतो. कीड समूळ नष्ट होत नाही, नुकसान करण्याइतकी वाढत नाही एवढेच.

दुसऱ्या शंकेचे उत्तर व्यापारात आहे. ट्रायकोकार्ड विकत मिळतात, कारण त्यांवरचा ट्रायकोग्रामा, म्हणजे किडींच्या अंड्यांवर जगणारा बारीक मित्रकीटक, प्रत्येक हंगामात नव्याने सोडावा लागतो. सुमारे वीस हजार परजीवी अंड्यांचे ते कार्ड पट्ट्या कापून संध्याकाळी पानांच्या मागे टाचायचे असते, आणि पुढच्या वेळी पुन्हा विकत आणायचे असते. पपईची ही माशी मात्र एकदा स्थिरावली की फुकट पसरते आणि बांध, तालुका, जिल्हा काहीच जुमानत नाही. जी वस्तू ग्राहकाला एकदाच आणि तीही शेजाऱ्यासकट मिळते, तिचे दुकान कोण मांडणार? म्हणूनच हे काम सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांनीच करायचे असते, आणि माझ्या मते शेती संशोधनावरील खर्चातला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी गाजावाजा झालेला भाग आहे.

फडकरी

सूक्ष्मदर्शींच्या लिखाणाला सांगलीकडचा एक दाखला जोडतो. २००२ च्या पावसाळ्यात आमच्याकडे उसावर लोकरी मावा आला. पानांच्या खालच्या बाजूला पांढऱ्या लोकरीची बिछायत, वरच्या बाजूला काळा थर, आणि फडात शिरले की कपडे पांढरे होत. पश्चिम महाराष्ट्रातून ती कीड कर्नाटकात गेली. पुरुषभर उंच उसात फवारणी करणे म्हणजे औषध अंगावर घेणे होते, तरी सुरुवातीला सर्वांनी तेच केले.

पुढे शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की काही फडांत डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस हा कीटक त्या लोकरीतच राहून माव्याचा फडशा पाडत आहेत. मग साखर कारखाने, कृषी खाते आणि संशोधन संस्थांनी त्या अळ्या असलेली पाने कापून, जिथे त्या नव्हत्या अशा फडांत नेऊन अडकवायला सुरुवात केली. ईशान्य भारतात आढळणारी एनकार्शिया नावाची बारीक माशीही नंतर इकडे आणून सोडण्यात आली. या सगळ्यात समुद्रापलीकडून काहीच आणावे लागले नाही. पानाचा तुकडा एका गावातून दुसऱ्या गावात न्यायचा, आणि तोवर विषारी औषध मारायचे नाही, एवढेच शेतकऱ्याने पाळायचे होते. दुसरी अट पाळणे पहिलीपेक्षा फार जड गेले. शेजारी पंप घेऊन उभा असताना आपण हात बांधून बसायचे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना पटवणे सोपे नव्हते.

दुसरी बाजू

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण चित्र जरा जास्तच गोड रंगवले गेले आहे असे वाटते. उसातील भुंगेऱ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी १९३५ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये हवाईतून एक विषारी भेक आणून सोडला. त्याने भुंगेऱ्यांना हात लावला नाही, स्वतः मात्र अफाट वाढला, आणि त्याला खाणारे तिथले साप, घोरपडी व क्वोल नावाचे मांसाहारी प्राणी विषाने मरू लागले. हवाईत उसातले उंदीर मारण्यासाठी १८८३ मध्ये मुंगूस नेले, त्यांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी फस्त केली. तेव्हाही तज्ज्ञांनी खात्रीच दिली असणार.

आपल्याकडचेच उदाहरण घ्यायचे तर गाजरगवतासाठी मेक्सिकोहून आणलेला भुंगेरा आठवावा. तो १९८४ मध्ये बंगळूरला सोडला आणि काही वर्षांनी तोच सूर्यफुलावर दिसू लागला. त्यामुळे ‘चाचण्या झाल्या आहेत’ या वाक्याने माझे समाधान होत नाही.

सूक्ष्मदर्शी

आपली उदाहरणे खरी आहेत आणि ती या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकवली जातात. भेक आणि मुंगूस हे दोघेही मिळेल ते खाणारे प्राणी आहेत, आणि ऑस्ट्रेलियात तो भेक उसाच्या शेंड्यावरच्या भुंगेऱ्यापर्यंत पोचू शकतो का, एवढेही कोणी पाहिले नव्हते. आज तसा प्रस्ताव परवान्याच्या पहिल्या पायरीवरच फेटाळला जाईल. मी बोलतो आहे ते एकाच यजमानावर जगणाऱ्या कीटकांबद्दल.

मेक्सिकन भुंगेऱ्याची गोष्ट मात्र आपण अर्धीच सांगितली. सूर्यफुलावर तो दिसल्यावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला सोडणे थांबवण्यात आले आणि तथ्यशोधन समितीही नेमली गेली. तपासणीअंती असे दिसले की गाजरगवताचे परागकण ज्या सूर्यफुलाच्या पानांवर पडले होते, ती पाने तो कुरतडत होता. सूर्यफुलावर त्याचे जीवनचक्र पूर्ण होत नव्हते, आणि पीक धोक्यात असल्याचे आढळले नाही. शंका निघाल्याबरोबर काम थांबवणे ही मला या पद्धतीची बळकट बाजू वाटते. तो भुंगेरा गाजरगवत पुरे संपवू शकला नाही, ही टीका केली असतीत तर ती मान्य आहे. पाऊस सरला की तो जमिनीत जाऊन झोपतो आणि गवत मात्र बाराही महिने उगवते.

हात बांधून बसण्याचीही किंमत असते, हे कसाव्याच्या, म्हणजे वर आलेल्या टॅपिओकाच्याच, इतिहासात दिसते. १९७० च्या दशकात आफ्रिकेत कसाव्यावर दक्षिण अमेरिकेतला दुसऱ्या जातीचा पिठ्या ढेकूण पोचला, आणि ज्या पिकावर सुमारे वीस कोटी लोकांचे पोट होते त्याचे उत्पन्न काही भागांत ८० टक्क्यांपर्यंत घटले. त्याचा शत्रू शोधताना सुरुवातीला संशोधक चुकीच्या प्रदेशात फिरले, कारण तिथे सापडलेला ढेकूण दिसायला सारखा असला तरी जातीने वेगळा निघाला. खरी कीड आणि तिच्यावरची माशी १९८१ मध्ये पराग्वेत सापडली. लंडनमधील विलगीकरणातून ती माशी नायजेरियातील इबादानच्या संशोधन केंद्रात आली, पुढे सुमारे तीस देशांत पसरली, आणि या मोहिमेचे नेतृत्व करणाऱ्या हान्स हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हीच कीड २००८ मध्ये थायलंडला पोचली तेव्हा तिथले उत्पन्न घसरले, भाव चढले, आणि शेजारच्या देशांत कसावा लावण्यासाठी जंगल तोडण्याचा वेग वाढला. माशी सोडल्यावर तो दाब कमी झाल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडले आहे. २०२० मध्ये कसाव्यावरची ही कीड केरळात आढळल्यावर बंगळूरच्या संस्थेने बेनिनमधून तीच माशी मागवली आणि २०२२ मध्ये सेलम भागात सोडली.

तापीकाठ

सर्वांचे आभार. माझी पहिली शंका बरीचशी फिटली, पण व्यवहारातली अडचण उरतेच. पपईचा विषाणूजन्य रोग मावा ही कीड पसरवते, त्यामुळे माव्यासाठी फवारणी थांबवण्याचे धाडस होत नाही. ती केली तर ही माशी मरणार. मग करायचे काय? आणि ती माझ्या बागेत आहे की नाही, हे मला कसे कळणार?

सूक्ष्मदर्शी

आधी ओळखण्याचे सांगतो. पुंजके असलेली काही पाने काचेच्या बरणीत घालून तोंडावर मलमलचे फडके घट्ट बांधा आणि बरणी सावलीत ठेवा. भिंगातून पाहिल्यावर पांढऱ्या ढेकणांत तपकिरी, फुगीर गोळ्या दिसल्या, किंवा दोन आठवड्यांच्या आत फडक्याला चिलटांपेक्षाही बारीक पिवळसर माश्या चिकटलेल्या दिसल्या, तर त्या बागेत आहेत असे बहुधा समजायला हरकत नाही. नेमकी जात कळण्यासाठी त्या माश्या आणि पुंजक्यांचा एक नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे द्यावा. काहीच निघाले नाही तर माश्या कोठून मिळतील, हेही तेच विचारून सांगू शकतील.

माव्याबद्दल बोलायचे तर पपईचा विषाणू मावा सोंड टोचल्यापासून काही क्षणांत झाडात सोडतो. औषधाने मावा मरेपर्यंत विषाणू गेलेला असतो, त्यामुळे त्या फवारणीचा उपयोग आपण समजतो त्याहून फार थोडा आहे. रोपे जाळीखाली वाढवणे, बागेभोवती मक्याच्या दाट ओळी लावणे आणि रोगट झाड दिसताच उपटणे, यांचा उपयोग जास्त होतो.

पिठ्या ढेकणासाठी फार लागण झालेली पाने व फळे बांधावर न फेकता पुरून टाका, आणि उरलेल्या पुंजक्यांवर पंपाने नुसत्या पाण्याचा जोराचा झोत मारा. खोडावरून चढणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त आधी करा, कारण चिकट पाण्याच्या लोभाने त्या माश्यांना हुसकावून लावतात. बांधावरचे गाजरगवतही काढा, ही कीड त्याच्यावरही मजेत राहते. निंबोळी अर्क मारायचाच असेल तर जिथे पुंजके आहेत तेवढ्याच झाडांवर मारा, आणि दुकानदाराने सांगितलेले दोन औषधांचे मिश्रण सध्या बाजूला ठेवा.