मदत हवी आहे: चादरींच्या गठ्ठ्यांसाठी जुना कंटेनर घ्यावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापुरात अक्कलकोट रोडला राहतो. वडिलांचे यंत्रमाग बंद झाले, पण जकार्डचे पुठ्ठे (मागावर नक्षी उठवणारे भोकं पाडलेले पुठ्ठे), सुटे भाग आणि चादरींचे वीसेक गठ्ठे घरातच आहेत. पुठ्ठ्यांवरची नक्षी वडिलांनी स्वतः काढलेली, त्यामुळे भंगारात देणार नाही.

घरामागच्या मोकळ्या जागेत २० फुटी जुना कंटेनर ठेवायचा विचार आहे. फोटोत रंग नवाकोरा दिसतो, पण खालचा गंज कसा ओळखायचा? आत जाऊन दार लावलं की छताच्या भोकांतून उजेड दिसतो, एवढी एकच परीक्षा मला ठाऊक आहे.

खरी धास्ती माल खराब होण्याची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३ च्या वर जातो, आत भट्टीच होणार. पावसाळ्यात रात्री पत्रा गार पडला की आतल्या हवेतला ओलावा छताला धरतो आणि थेंब खाली पडतात. सुती मालाला बुरशी यायला तेवढं पुरे. वर शेड आणि बाजूंना वारा खेळायला जाळ्या, एवढ्यावर भागेल, की आतून थर्माकोल लावावा लागेल?

शिवाय जमीन काळी, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. रिकामा कंटेनरच सव्वादोन टनांच्या आसपास, आणि सगळा भार चार कोपऱ्यांवर. काँक्रीटचे ठोकळे किती खोल घ्यावेत? मुरूम भरून चालेल का?

गल्ली १२ फुटी आहे, वरून विजेची तार जाते. अशा ठिकाणी क्रेनने कंटेनर उतरवून घेतलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर सांगा. वडिलांना पावसाळ्याआधी सगळं सुरक्षित झालेलं पाहायचं आहे.