चांदीपुरा विषाणूचं ६२ वं सेरीन

विषाणूच्या प्रथिनाला फॉस्फेट लागला की विषाणू चालू, म्हणून फॉस्फेट जोडणारं एन्झाइम, म्हणजे कायनेज, अडवलं की तो थांबेल, असा एक दावा आहे. मला ते पटत नाही. १९६५ मध्ये नागपूरच्या रुग्णांत सापडलेला चांदीपुरा विषाणू बघा. त्याच्या पी नावाच्या प्रथिनात ६२ व्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल आहे. आपल्याच पेशीतलं केसीन कायनेज २ तिथे फॉस्फेट जोडतं, आणि मग विषाणूचं आरएनए बनवणारं एल प्रथिन या पी-च्या मदतीने जनुकागणिक थांबत वेगवेगळे एमआरएनए (प्रथिनं बनवण्याचे संदेश) बनवतं. फॉस्फेट नसलेलं पीसुद्धा रिकामं बसत नाही! ते विषाणूच्या जीनोमच्या (पूर्ण जनुकसंचाच्या) टोकापासून बनणाऱ्या छोट्या लीडर आरएनएला चिकटतं आणि काम अख्ख्या जीनोमची नक्कल करण्याकडे वळतं. म्हणजे दोन्ही रूपं कामाची. एका फॉस्फेटवर एवढं ठरतं याचं मला आजही नवल वाटतं.

इबोलात तर उलटच. तिथे विषाणूच्या व्हीपी३० या प्रथिनावरचा फॉस्फेट निघाला की ट्रान्स्क्रिप्शनला, म्हणजे एमआरएनए बनवण्याला, जोर येतो. तो काढण्यासाठी विषाणूचं एनपी प्रथिन आपल्या पेशीतलं पीपी२ए हे फॉस्फटेज (फॉस्फेट काढणारं एन्झाइम) ओढून आणतं. त्यामुळे इबोलासाठी कायनेजपेक्षा एनपी आणि पीपी२ए यांची ही जोडी तोडणं मला जास्त आशादायक वाटतं.