इटलीतली तळ्याकाठची गावं, नोव्हेंबरात जावं का?

हापूसवाला_पावस:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघंच, साठीच्या पुढचे. आंब्याची कलमं आहेत, त्यामुळे डिसेंबरात मोहोर दिसायला लागला की फवारण्या सुरू, मग मे संपेपर्यंत घर सुटत नाही, पावसाळ्यात मोकळे असतो पण तेव्हा तिकडे ऐन सीझन. म्हणून दिवाळी उरकली की निघायचं म्हणतोय. रोम-व्हेनिसची पळापळ नको, टूरवाले तर नकोतच, कोमो तळं आणि एखादं जुनं गाव, बास. पुतण्या म्हणतो नोव्हेंबरात तिकडे सगळं बंद असतं. खरंय का? आणि मी शाकाहारी, सौ.ला मासे लागतात, तर जेवणाचं काय?

मिलानवासी_दापोलीकर:
काका, पुतण्या अर्धा बरोबर आहे. व्हिला कार्लोत्तासारख्या बागा नोव्हेंबरात कधीतरी बंद होतात त्या थेट वसंतात उघडतात, बेलाजिओ-वारेन्ना या तळ्याकाठच्या गावांतली बरीच हॉटेलंही तशीच. म्हणून मुक्काम लेक्कोत करा, तेही तळ्याकाठीच, पण बारमाही नांदतं गाव आहे, टुरिस्ट असोत नसोत बाजार भरतो. मिलानो चेंत्राले, म्हणजे मिलानच्या मुख्य स्टेशनवरून तिरानोच्या गाडीत बसायचं, लेक्को पाऊण तास, तिथून वीसेक मिनिटांवर वारेन्ना. डावीकडची खिडकी पकडा, तळं त्या बाजूला. रीजनल गाडीचं भाडं ठरलेलं असतं, आधी बुक करून एक पैसा वाचत नाही, फक्त कागदी तिकीट घेतलंत तर चढण्याआधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये शिक्का मारा नाहीतर दंड बसतो.

खाडीकाठ:
आम्ही नोव्हेंबरातच गेलेलो. वारेन्नाहून बेलाजिओला गाड्या नेणारी फेरीबोट थंडीतही चालते, फेऱ्या कमी एवढंच, आपली दाभोळ-धोपावे समजा. बेलाजिओत पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्या, निम्म्या दुकानांची शटरं खाली, कोणी धक्का मारत नाही की फोटोसाठी बाजूला व्हा म्हणत नाही, मला तर तेच आवडलं. पण पाऊस येतो हां, छत्री न्याच, आणि पाचच्या आत काळोख होतो, तेव्हा काय बघायचं ते सकाळी.
काकूंसाठी एक खास. तिथे मिसोल्तिन मिळतं, तळ्यातलीच मासळी, मीठ लावून उन्हात सुकवायची, मग तमालपत्र घालून डब्यात दाबून ठेवायची. खाताना भाजून वर थोडं व्हिनेगर आणि सोबत पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं म्हणा. वास आला की ओळखीचं वाटेल काकूंना 😄

बिनघाईचा_प्रवासी:
जुनं गाव म्हणाल तर मांतोवा. बाराव्या शतकात मिंचो नदी अडवून गावाभोवती तळी केली, त्यातली तीन अजून आहेत, म्हणजे तळंही आलं आणि जुनं गावही. पालाझ्झो दुकाले या राजवाड्यात मांतेन्या या चित्रकाराने रंगवलेली एक खोली आहे, १४७४ सालची, छताच्या मधोमध गोल झरोका आणि त्यातून माणसं वाकून खाली बघतायत, सगळं रंगातलं, नुसतं छत आहे हे पटतच नाही. सोमवारी बंद असतो राजवाडा. काकांचं जेवणही इथेच, लाल भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता, तोर्तेल्ली म्हणतात, वर लोणी आणि सेजची पानं, चव गोडसर. मात्र पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडायला घालतात ते) असतं, कडक पाळत असाल तर विचारून घ्या. आणि धुकं पडतं त्या भागात, एकदा पडलं की दुपारपर्यंत हलत नाही.

मालवणी_गजाली:
गजाली मगे, आधी व्हिसाचा बघा! शेंगेनचा, म्हणजे इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. गणपतीच्या आधी कागद गोळा करा नायतर अपॉइंटमेंटसाठी बोंबलत बसाल.

हापूसवाला_पावस:
वा, खूप आभार सगळ्यांचे. सौ.ने मिसोल्तिन वाचून बॅग भरायलाच घेतलीय. लेक्को आणि मांतोवा, दोनच मुक्काम नक्की. मधे गाडी बदलावी लागेल का? गुडघे बरे नाहीत माझे.

मिलानवासी_दापोलीकर:
हो, मिलानो चेंत्रालेला एकदाच. तिथून मांतोवा थेट, दोनेक तास. दोन गाड्यांत तासभर अंतर ठेवा काका, बॅगा लहान घ्या, आणि लेक्कोतलं हॉटेल स्टेशनजवळचं बघा.