टाळेबंदीने पुणेकर चालायला शिकले, हे मला मान्य नाही

पेठेतला:
‘टाळेबंदीने पुणेकरांना आपला परिसर पायी फिरून पाहायला शिकवले, म्हणून त्या काळाचे आभारच मानले पाहिजेत,’ हे येथील कालचे लिखाण वाचून गप्प बसवेना. ९ मार्च २०२० रोजी राज्यातले करोनाचे पहिले रुग्ण पुण्यातच आढळले आणि एप्रिलमध्ये मध्यवर्ती पेठांतले रस्ते, त्यांना फुटणाऱ्या बोळांसकट, पत्रे आणि बांबू लावून बंद करण्यात आले. भवानी पेठेत जे कुटुंब एका खोलीत राहते, त्याची मुले बोळात खेळतात, म्हातारी ओट्यावर भाजी निवडते आणि संडासासाठीही सर्वांना बाहेरच पडावे लागते. तिथे परिसर फिरून कोणी पाहायचा होता? आमच्या बोळाच्या तोंडाशी पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट राहिली होती, तिच्यातून भाजी आणि औषधे आत येत. १८९७ च्या प्लेगात लोकांनी निदान गावाबाहेर शेतांत झोपड्या बांधल्या. आम्हांला ती वाटही नव्हती.

कोथरूडकर:
ते लिखाण माझे आहे. पेठांचे हाल मी नाकारत नाही, पण तेवढ्यावरून माझा अनुभव खोटा ठरत नाही. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही स्कूटर काढणारे माझे वडील, बागा आणि टेकड्या बंद असताना, पहाटे गल्लीतच चालू लागले आणि आजही चालतात. त्यांची साखर आटोक्यात आली ती त्यामुळेच. सवय बदलली, हे मान्य करायला तुम्हांला एवढे जड का जाते?

पर्वती पायथा:
चालत तर माझी आईही होती, कारण तिला दुसरा इलाज नव्हता. पुणे शहरात पीएमपीच्या बस सर्वसामान्यांसाठी सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाल्या; त्याआधीच कामावर बोलावणे आल्यामुळे ती स्वयंपाकाला बिबवेवाडीपर्यंत पायी जात असे. त्यातच तिथल्या सोसायटीने मागच्या फाटकाला कुलूप घातले आणि मुख्य रस्त्याचा वळसा वाढला. साथ ओसरली, तरी ते कुलूप तसेच आहे.

औंधची वाचक:
फाटकांचा विषय काढलात, बरे केले. आमच्याकडेही दोन सोसायट्यांमधली वाट तेव्हाच बंद झाली. शाळा भिंतीपलीकडे दिसते, पण मुलांना मुख्य रस्त्यावर, पदपथावर लावलेल्या दुचाकींमधून वाट काढत जावे लागते, म्हणून आता पालक त्यांना स्कूटरवरून सोडतात. महासाथीने आमच्याकडचे चालणे मोडले.

कोथरूडकर:
हे एकांगी आहे. फाटके सुरक्षेसाठी बंद आहेत. आमच्या गल्लीत मंगळसूत्र ओढणारा चोर मागच्याच वाटेने पळाला होता. तिथे बसवायच्या पहारेकऱ्याचा पगार तुम्ही देणार आहात का?

पर्वती पायथा:
पगाराचे नंतर बोलू. फाटक बंद करण्याचा ठराव झाला, तेव्हा त्या वाटेने कामाला येणाऱ्या बायकांना कोणी विचारले होते का? चोर एकदा आला, त्या रोज येतात.

पेठेतला:
आमच्याकडचे पत्रे सरकारी होते, ते आदेश उठल्यावर निघाले. सोसायट्यांनी स्वतःच घातलेली कुलपे कोणत्या आदेशाने निघणार आहेत, ते कोथरूडकरांनी सांगावे.

कोथरूडकर:
फाटके दिवसा उघडी ठेवावीत, एवढे मी मान्य करतो आणि आमच्या वार्षिक सभेत तसे मांडीन. परंतु वडिलांच्या चालण्याला कोणी रिकामटेकड्यांची चैन म्हणणार असेल, तर ते मी ऐकून घेणार नाही.