नॉर्सेटसाठी लसीकरणाचे वेळापत्रक पक्के कसे करावे?

प्रश्न
मी नॉर्सेटची (एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षेची) तयारी करीत आहे. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकाचा तक्ता समोर असला की सगळे येते. पण चौदाव्या आठवड्यात रोटाचा (रोटाव्हायरसच्या जुलाबांवरील लसीचा) कितवा डोस, किंवा एफआयपीव्ही (पोलिओची अल्प मात्रेत टोचायची लस) कोणत्या दंडावर, असे सुटे विचारले की गोंधळ उडतो. त्यात माझ्याकडील दोन पुस्तकांचा एकमेकांशी मेळ नाही: एकात नऊ महिन्यांना केवळ गोवराची लस आणि दहाव्या वर्षी टीटी (धनुर्वाताची लस) दिलेली आहे, तर दुसऱ्यात एमआर (गोवर-रुबेला) आणि टीडी (धनुर्वात-घटसर्प). पाठांतराची एखादी उपयोगी पद्धत असल्यास कृपया सांगावी.

उत्तर १
पहिले पुस्तक आधी बाजूला ठेवा. गोवराच्या लसीची जागा २०१७ पासून टप्प्याटप्प्याने एमआरने घेतली, टीटीच्या जागी टीडी आली, आणि जानेवारी २०२३ पासून एफआयपीव्हीचा तिसरा डोस नऊ महिन्यांना सुरू झाला. दुसऱ्या पुस्तकात हा तिसरा डोस आहे का, तेही पाहून घ्या.

तक्ता लसवार न म्हणता भेटवार म्हणावा, कारण लसीकरण सत्रात बाळ आपल्यासमोर येते ते वयानुसार आणि प्रश्नही बहुधा तसेच विचारले जातात. जन्मतः बीसीजी (क्षयरोगाची लस), पोलिओचा शून्य डोस (म्हणजे जन्माच्या वेळचा) आणि हिपॅटायटिस बी. त्यानंतर ६, १० आणि १४ आठवडे या तिन्ही भेटींत तोंडावाटे पोलिओ, पेंटा (पाच रोगांवरील एकत्रित लस) आणि रोटा ही तिकडी कायम असते. एफआयपीव्ही आणि पीसीव्ही (न्यूमोकोकसची लस) मात्र या तिन्हींपैकी केवळ पहिल्या आणि शेवटच्या भेटीत. दहाव्या आठवड्याची भेट हलकी, एवढे लक्षात राहिले की आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते: चौदाव्या आठवड्यात रोटाचा तिसरा डोस.

नऊ महिन्यांना एमआर का, हेही समजून घ्या. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे तोवर बरीच ओसरलेली असतात. त्याआधी लस दिल्यास ती तितकी प्रभावी ठरत नाही. कारण कळले की आकडा वेगळा घोकावा लागत नाही.

उत्तर २
वरील पद्धत योग्यच आहे. परंतु टोचण्याच्या जागा कारणांनी लक्षात राहत नाहीत, असे माझे मत आहे. त्यासाठी कोऱ्या कागदावर बाळाची आकृती काढून हाताने जागा भराव्यात. डाव्या दंडावर बीसीजी, त्वचेत. डाव्या मांडीच्या मध्यभागी पुढच्या-बाहेरच्या बाजूस पेंटा, स्नायूत. उजव्या मांडीत तशाच जागी पीसीव्ही. उजव्या दंडावर एफआयपीव्ही, ०.१ मिली, त्वचेत. नऊ महिन्यांना उजव्या दंडावर एमआर त्वचेखाली दिली जाते आणि एफआयपीव्हीचा तिसरा डोस डाव्या दंडावर जातो. बाजूंची ही अदलाबदल हमखास विचारण्याजोगी आहे. आकृती उलटी पाहू नये: बाळाचा डावा हात समोरून पाहणाऱ्याच्या उजवीकडे येतो.

जीवनसत्त्व अ चा हिशेब सोपा आहे. नऊ महिन्यांना १ लाख युनिट, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख. एकूण ९ डोस, म्हणजे १७ लाख.

उत्तर ३
तक्ता पाठ झाल्यावर खरा कस लागतो तो उशिरा आलेल्या बाळाच्या प्रश्नात. दहा महिन्यांच्या बाळाला आजवर एकही लस मिळालेली नसेल, तर बीसीजी आणि पेंटाचा पहिला डोस देता येतो, कारण दोन्हींची मर्यादा एक वर्ष आहे. त्याच दिवशी एमआर आणि जीवनसत्त्व अ सुद्धा. तेच बाळ चौदा महिन्यांचे असते तर बीसीजी आणि रोटा गेले असते, तर पेंटाच्या जागी डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांची लस) आली असती. दोन डोसमध्ये किमान चार आठवड्यांचे अंतर हवे. मात्र अंतर लांबले म्हणून मालिका पहिल्यापासून सुरू करीत नाहीत. पर्यायांत 'पुन्हा पहिला डोस द्यावा' असे दिसले की ते बिनधास्त खोडावे.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. मर्यादांचा वेगळा तक्ता आजच करते. बीसीजीनंतर व्रण उमटला नाही, तर लस पुन्हा द्यावी लागते का?

उत्तर ३
नाही. व्रण नसला तरी बीसीजी पुन्हा देत नाहीत.