घाटात गाडी मुंगीच्या पावलाने चालत असतानाही जुन्या डिझेल इंजिनाचा आवाज का उतरत नसे?

प्रश्न : वावरकरी (तेल्हारा तालुका)

नमस्कार. आमचे वावर हिवरखेड आणि वान रोड यांच्या दरम्यान, जुन्या मीटर गेज मार्गाच्या अलीकडे आहे. २०१७ मध्ये अकोल्याहून मीटर गेजची वाहतूक थांबली, तोपर्यंत हरभऱ्याच्या जागलीला बसलेल्या माणसाला वायडीएम-४ इंजिनाचा आवाज रात्री फार लांबून ऐकू येत असे आणि गाडी स्थानकात उभी आहे, निघाली आहे की धूळघाटाच्या चढाला लागली आहे, हे केवळ आवाजावरून सांगता येत असे.

माझी शंका अशी आहे. नांगरणी करताना जमीन कठीण लागली की ट्रॅक्टरचे इंजिन दबते, त्याचे फेरे कमी होतात, आवाज खाली येतो आणि गिअर बदलावा लागतो. रेल्वेच्या या इंजिनाचे मात्र तसे होत नसे. गाडीचा वेग माणूस सोबत चालू शकेल इतका कमी असला तरी इंजिन पूर्ण जोरात गर्जत राही. असे का? शिवाय या इंजिनाची ताकद सुमारे १,४०० अश्वशक्ती होती असे वाचले आहे, म्हणजे पन्नास अश्वशक्तीचे अठ्ठावीस ट्रॅक्टर. तेवढ्या ताकदीत आख्खी गाडी घाट कशी चढत असे? आणि हिवाळ्याच्या रात्री जो आवाज स्पष्ट येई, तोच दुपारी का येत नसे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : मोर्शीचे मास्तर

वावरकरी भाऊ, ट्रॅक्टरचे उदाहरण आपण नेमके दिले आहे, कारण सगळा फरक तिथेच आहे. ट्रॅक्टरमध्ये इंजिन आणि चाक क्लच व गिअरमधून एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे चाक अडले की इंजिनही अडते. डिझेल-विद्युत इंजिनात डिझेल यंत्र आणि चाके यांचा यांत्रिक संबंधच नसतो. डिझेल यंत्र फक्त जनरेटर फिरवते, जनरेटरची वीज तारांतून खाली जाते आणि प्रत्येक आसावरची ट्रॅक्शन मोटर ते चाक फिरवते. लोको पायलट नॉच (ताकदीच्या दांड्याची पायरी) वाढवतो तेव्हा तो चाकाला वेग देत नसतो. डिझेल यंत्राने किती फेऱ्यांवर राहायचे एवढेच तो ठरवतो. त्या फेऱ्या गव्हर्नर हे नियंत्रक यंत्र राखते आणि यंत्रावर भार जास्त होऊ लागला तर जनरेटरची उत्तेजना (त्यात चुंबकत्व निर्माण करणारा प्रवाह) कमी करून तो आवरला जातो. म्हणून आठव्या नॉचवर गाडी ताशी १० किलोमीटरने चाललेली असो वा ६० ने, डिझेल यंत्राच्या फेऱ्या त्याच राहतात आणि आवाजही जवळपास तोच राहतो.

आता ताकदीबद्दल. अश्वशक्ती म्हणजे ओढ आणि वेग यांचा गुणाकार. वेग कमी झाला की तेवढ्याच अश्वशक्तीतून ओढ वाढते. १,४०० पैकी सुमारे १,०५० अश्वशक्ती चाकापर्यंत पोहोचते असे धरू. मग ताशी ६० किलोमीटरला ओढ येते पावणेपाच टन आणि ताशी २० ला येते सुमारे १४ टन. शंभरास एक या चढावर इंजिनासह १,००० टनांची मालगाडी असेल, तर चढासाठी १० टन आणि चाकांच्या घर्षणासाठी टनामागे तीन किलोच्या हिशेबाने आणखी ३ टन लागतात. म्हणजे १३ टन ओढीला गाडीचा वेग आपोआप ताशी २२ किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. गिअर बदलण्याचे काम इथे कोणालाच करावे लागत नाही, कारण डीसी सिरीज मोटरचा स्वभावच असा आहे की ती मंद फिरू लागली की जास्त प्रवाह खेचते आणि जास्त पीळ (फिरवण्याचा जोर) देते. प्रवासी गाडी याहून पुष्कळ हलकी असते. ती धूळघाटात मंद चालत असे ते बरेचसे वळणांमुळे. तिथे रूळ वेढा घेऊन स्वतःलाच वरून ओलांडत असे.

आपल्या अठ्ठावीस ट्रॅक्टरांनी वावरात एवढे वजन हलणार नाही. मऊ मातीत रबरी चाकाला टनामागे जितका विरोध होतो, त्याचा अगदी लहानसा अंश पोलादी चाकाला पोलादी रुळावर होतो, आणि रेल्वेचे सारे गणित या एका गोष्टीवर उभे आहे.

उत्तर : निवृत्त लोको पायलट, बडनेरा

मास्तरांनी हिशेब उत्तम मांडला आहे, पण त्यात चाकाच्या पकडीची बाजू जोडली पाहिजे, कारण चालवणाऱ्याचा सगळा जीव तिथे अडकलेला असतो. वायडीएम-४ चे वजन ७२ टन, आणि कोरड्या रुळावर साधारण वजनाच्या पाव हिश्श्याइतकीच ओढ टिकते, म्हणजे १८ टनांच्या आसपास. त्यापुढे अश्वशक्ती कितीही असली तरी चाक जागीच फिरते. ब्रॉड गेजच्या डब्ल्यूडीएम-२ चे वजन ११२.८ टन होते आणि सुरुवातीची कमाल ओढ सुमारे ३०.४ टन. जड गाडी उभ्या जागेवरून उचलायला अश्वशक्तीपेक्षा हे वजनच उपयोगी पडते.

रूळ धुऊन काढणारा मोठा पाऊस एवढा त्रास देत नाही. खरा त्रास मृगाच्या पहिल्या शिडकाव्याचा आणि पहाटेच्या दवाचा, कारण धूळ, तेल आणि ओल मिळून रुळावर चिकट थर बसतो. अशा वेळी चाक घसरले की मोटरचा आवाज एकदम चढतो, विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अॅमीटरचा काटा पडतो, आणि नॉच लगेच कमी करून वाळू सोडावी लागते. घाईने नॉच वाढवणारा माणूस घाटात गाडी अडकवतो. एकेका नॉचला काटा स्थिर होऊ द्यायचा, डब्यांच्या जोडण्या ताणल्या जाऊ द्यायच्या आणि मग पुढचा नॉच द्यायचा, ही शिस्त त्या इंजिनांनी आमच्या पिढीला लावली, आणि तिच्याबद्दल मला आजही आदर आहे.

आणखी एक आवाज वावरकरींनी ऐकला असेल. नॉच वाढवताच डिझेल आधी आत जाते, पण यंत्रात जादा हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचार्जरला वेग घ्यायला काही क्षण लागतात. तेवढ्या वेळात हवा अपुरी पडते, काळा धूर उसळतो आणि आवाज घोगरा होतो. मग टर्बोची शीळ चढत जाते आणि धूर निवळतो. डब्ल्यूडीएम-२ वर वेग वाढताना मोटरांची जोडणी बदलते, त्याला आम्ही ट्रान्झिशन म्हणत असू. त्या वेळी भार क्षणभर सुटतो आणि पुन्हा बसतो. दूर उभ्या माणसाला तो खंड स्पष्ट कळतो.

उत्तर : अंजनगावचा प्रवासी

या चर्चेत आमच्या शकुंतला या नॅरो गेज गाडीचीही नोंद असावी, म्हणून लिहितो. मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावर मँचेस्टरला १९२१ मध्ये तयार झालेले वाफेचे इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत चालले आणि त्यानंतर डिझेल आले. ते डिझेलही याच जातीचे होते का? मला त्याचा आवाज फार वेगळा, काहीसा ट्रकसारखा वाटत असे.

उत्तर : मोर्शीचे मास्तर

आपल्या कानाने बरोबर टिपले आहे. आपल्याकडच्या नॅरो गेजची झेडडीएम वर्गातली इंजिने डिझेल-हायड्रॉलिक होती. त्यांत जनरेटर आणि ट्रॅक्शन मोटर नसतात. ताकद वेगाने फिरणाऱ्या तेलाच्या प्रवाहातून चाकाकडे जाते. त्यामुळे भार आणि आवाज यांचे नाते वेगळे ऐकू येते.

वायडीएम-४ चा ठोका वेगळा का, याचेही उत्तर मोजून देता येते. त्यात अॅल्को या अमेरिकन कंपनीच्या २५१ जातीचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले चार स्ट्रोकचे, म्हणजे प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटणारे यंत्र होते. मिनिटाला ४०० फेऱ्यांवर उभे असताना त्यात सेकंदाला २० स्फोट होतात. आपला कान साधारण इथपर्यंतच ठोके सुटे सुटे ओळखतो, म्हणून ते इंजिन उभे असतानाही धडधडत आहे असे वाटे. डब्ल्यूडीएम-२ मध्ये त्याच जातीचे १६ सिलिंडरांचे यंत्र आहे, म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांना सेकंदाला ५३ स्फोट, आणि ते मिसळून खर्ज तयार होतो. तरीही त्यात एक लय ऐकू येते. कमी इंधनावर सगळे सिलिंडर सारखे जळत नाहीत, आणि तोच कमी-जास्तपणा दर दोन फेऱ्यांनी, म्हणजे सेकंदाला तीन-साडेतीन वेळा, परत येतो. अलीकडच्या ४,००० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीजी-४ मध्ये दोन स्ट्रोकचे, म्हणजे प्रत्येक सिलिंडर दर फेरीला पेटणारे यंत्र आहे. मिनिटाला ९०४ फेऱ्यांवर त्यात सेकंदाला सुमारे २४१ स्फोट होतात, म्हणून ठोका न वाटता सलग गुंजन ऐकू येते. ओढीत ते कितीतरी सरस आहे, यात शंका नाही. पण काम किती जड चालले आहे हे जुन्या अॅल्कोइतके उघडपणे ते कानाला सांगत नाही.

वावरकरी

मनःपूर्वक आभार. उभ्या इंजिनाची धडधड आणि चढाची गर्जना यांतला फरक आज नीट समजला. रात्रीच्या आवाजाचे तेवढे राहिले आहे.

उत्तर : मोर्शीचे मास्तर

हिवाळ्यात आकाश निरभ्र असले की सूर्य मावळल्यावर जमीन झपाट्याने थंड होते आणि तिला लागून असलेली हवाही थंड होते, तर वरची हवा तुलनेने उबदार राहते. ध्वनी उबदार हवेत जास्त वेगाने जातो, त्यामुळे वर निघालेल्या लहरी वाकून पुन्हा जमिनीकडे येतात. त्यात या इंजिनाचा आवाज खर्जाचा, आणि खर्ज हवेत फारसा शोषला जात नाही. दुपारी स्थिती उलट असते. तापलेल्या जमिनीलगतची हवा सर्वांत गरम असते, लहरी वरच्या दिशेला वळतात आणि काही अंतरापलीकडच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातात. म्हणून चैत्रातल्या दुपारी तीच गाडी तेवढ्याच जोराने घाट चढत असली, तरी आपल्या वावरात तिचा आवाज पोहोचत नसे.