मागच्या कॉइल काढून हवेचे फुगे बसवायचेत, आधी काय बघू?

हौदाभर_सामान
मंडळी, माझ्या पिकअपला मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत. आठवड्यातले तीन दिवस हौद्यात वेल्डिंग मशीन, जनरेटर आणि दोन सिलिंडर, सगळं मिळून साडेचारशे किलोच्या आसपास. बाकीचे दिवस हौदा रिकामा. सामान चढवलं की गाडी मागून बसते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत रिकामी असताना ५४ सेंमी, भरल्यावर ४६. नाक वर होतं, दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि रात्रभर डिपर खातो. मध्यंतरी जाड तारेच्या कॉइल टाकून पाहिल्या. भरलेली गाडी झकास, पण रिकामी अशी उडायची की हौद्यातला पाना एकदा रस्त्यावरच राहिला. काढून टाकल्या.

आता कॉइल पूर्ण काढून त्या जागी फुगे, म्हणजे हवा भरायच्या रबरी स्प्रिंगा, बसवायचं किट डोक्यात आहे. हवा कमी-जास्त केली की दोन्ही दुखणी एकाच गोळीत जातील असा हिशेब. हत्यारं आहेत, वेल्डिंग तर हातचंच. हिशेब कुठे चुकतोय का?

तेलकट_हात
कॉइल काढायच्याच कशाला? कॉइलच्या पोटात बसणारे फुगे मिळतात. त्यांत साधारण ३५ पीएसआयपर्यंतच हवा भरायची, पण तुमच्या कामाला पुरे. फुगा गेला तरी कॉइल जागेवर असते, गाडी घरी येते. कॉइल काढल्यावर पाईप फाटला तर बंप स्टॉपवर (ॲक्सल चॅसीला आपटू नये म्हणून असलेला रबरी ठोकळा) आदळत या.

दोनदा_उघडलं
मी पूर्ण बदललंय, आणि नावाप्रमाणे दोनदा. पहिल्या वेळी काय काय चुकलं ते सांगतो.

डावा-उजवा फुगा एकाच पाईपवर टी (तीन तोंडांचा जोड) लावून जोडला होता. एक गेज, एक वॉल्व्ह, काम सोपं. पहिल्याच वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला झुकली, तिकडचा फुगा दबला आणि त्यातली हवा सरळ आतल्या फुग्यात. म्हणजे ज्यानं झुकणं थोपवायचं तोच मैदान सोडून पळाला. दोन्ही बाजूंना स्वतंत्र पाईप, स्वतंत्र वॉल्व्ह ठेवा.

दुसरी चूक शॉकअपची. मूळ कॉइल लटकली तरी तिचं काही बिघडत नाही. फुग्याला मात्र खेचून चालत नाही, रबर तुटतं. चाक खाली लोंबतं तेव्हा शॉकअपची लांबी आधी संपली पाहिजे. फुग्याची कमाल लांबी किटच्या कागदावर असते. जॅकवर ॲक्सल मोकळा सोडून स्वतः मोजा, कागदावर विसंबू नका. दाबलेल्या अवस्थेतही तेच. बंप स्टॉप आधी टेकला पाहिजे, फुगा नंतर.

आणि उंचीचा मोह आवरा. पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवा धरून ठेवणारी दांडी) असेल तर गाडी उचलली की ॲक्सल एका बाजूला सरकतो आणि प्रॉपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा, कोनही बदलतो. मी ‘थोडी उंच छान दिसते’ म्हणून पाच सेंमी चढवली होती. महिनाभर सीटखाली कंप जाणवत होता आणि मी टायरवाल्याला शिव्या देत होतो.

वेल्डिंग हातचं आहे म्हणालात, तेव्हा हेही सांगून ठेवतो: ब्रॅकेट बोल्टनंच बसवा. वेल्डिंग करावंच लागलं तर फुगा आणि पाईप काढून लांब ठेवा. एका ठिणगीनं माझा नवा फुगा गेला. सायलेन्सरच्या बाजूला अंतर किंवा पत्र्याची आड हवीच.

हौदाभर_सामान
टीची गोष्ट ऐकून बरं वाटलं, कारण मी तेच करणार होतो! प्रेशर किती लागेल याचा अंदाज कसा घ्यायचा?

दोनदा_उघडलं
फुग्याचं परिणामी क्षेत्रफळ (हवा प्रत्यक्षात जेवढ्या भागावर वजन पेलते तेवढं) गुणिले प्रेशर. समजा क्षेत्रफळ १३० चौरस सेंमी आणि हवा ३.५ किलो प्रति चौरस सेंमी, तर एक फुगा ४५५ किलो पेलतो. पण त्याला फक्त सामान नाही, मागच्या बाजूची रिकामी गाडीही उचलायची आहे, हे विसरू नका. रिकामी असतानाही किमान हवा ठेवा, नाहीतर रबराची घडी चिमटते. थंडीत हवा आकसते, सकाळी गाडी जरा खाली दिसेल. लगेच गळती समजून घाबरू नका. आधी साबणाचं पाणी. पाईप धारदार पात्यानं सरळ कापा, करवतीनं नाही. माझ्या निम्म्या गळत्या तिरक्या कापामुळे होत्या.

ब्रेकवाला
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. तुमच्या ॲक्सलपासून चॅसीवर जाणारी एखादी बारीक दांडी आहे का बघा. काही गाड्यांत ती ब्रेकच्या वॉल्व्हला जोडलेली असते. हौदा बसला की वॉल्व्हला कळतं की वजन आहे, मग तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. तुम्ही हवेनं गाडी वर धरलीत की त्याला वाटणार हौदा रिकामा. साडेचारशे किलो लादलेलं आणि मागचा ब्रेक रिकाम्या गाडीचा. तशी दांडी असेल तर गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे सेटिंग करून मगच भरलेली गाडी रस्त्यावर काढा.

आणि गाडी सरळ उभी राहिली म्हणजे तिची क्षमता वाढली असं नाही. ॲक्सल, बेअरिंग, टायर तेच आहेत. दरवाजाच्या स्टिकरवरचा आकडा तोच.

हौदाभर_सामान
आत्ताच टॉर्च घेऊन खाली झोपलो होतो. दांडी आहे. वॉल्व्हचं रबर फाटलंय आणि दांडी गंजून जाम झालीय, म्हणजे तो वॉल्व्ह कधीपासून झोपलाय देव जाणे. किट राहू दे, आधी हे. नंतर तेलकट_हात म्हणतात तसे कॉइलच्या आतले फुगे घेईन, दोन पाईप, दोन वॉल्व्ह. दांडी हलत नाहीये, गरम करून सोडवू की ब्रेकच्या पाईपला ताप लागेल?

ब्रेकवाला
गॅस लावू नका. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवा. सकाळीही हलली नाही तर वॉल्व्ह दांडीसकट बदला.